बिनमापाची टोपी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून इतिहासाच्या अभ्यासकांस कदाचित् हसूं येईल. राजांच्या वंशावळ्या, तहांचीं कलमें आणि लढायांचे नकाशे बाजूस ठेवून डोक्यावर घालावयाच्या एका लोंकरी टोपीचा इतिहास सांगण्याचें मीं योजिलें आहे. थंडीच्या दिवसांत पर्वतीच्या पायऱ्यांवर किंवा दादरच्या चौपाटीवर पहाटे फिरावयास निघालेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या डोक्यावर ही टोपी आपण सर्वांनीं पाहिली आहे. कोणी तिला कानटोपी म्हणतात, कोणी माकडटोपी. आणि या दुसऱ्या नांवामुळेंच कीं काय, घरांतलीं मुलें ती घालावयाची म्हटली कीं नाक मुरडतात. डोकें, कान, हनुवटी आणि मान एकाच वस्त्रानें झांकावी व चेहऱ्यापुरती तेवढी उघाड ठेवावी, अशी तिची रचना असते. इंग्रजींत तिला बॅलाक्लाव्हा म्हणतात.

विणकाम किंवा शिवणकाम शिकलेल्या भगिनींना आणखी दोन शब्द ठाऊक असतील. पुढून बटणें लावावयाच्या लोंकरी कोटास कार्डिगन म्हणतात, आणि गळ्यापासून कांखेपर्यंत तिरकस शिवण असलेल्या बाहीस रॅगलन बाही म्हणतात. बॅलाक्लाव्हा, कार्डिगन आणि रॅगलन हे तिन्ही शब्द १८५३ ते १८५६ या काळांत झालेल्या क्रिमियाच्या एकाच युद्धाशीं जोडलेले आहेत. लॉर्ड रॅगलन हे तेथील इंग्रज सैन्याचे सेनापति. वॉटर्लूच्या लढाईंत १८१५ सालीं त्यांचा उजवा हात गेला होता. लॉर्ड कार्डिगन हे हलक्या घोडदळाचे नायक. म्हणजे तीन वस्त्रांपैकीं दोहोंना सरदारांचीं नांवें मिळालीं. तिसऱ्यास मात्र एका लहानशा बंदराचें नांव मिळालें, माणसाचें मिळालें नाहीं. कारण तें वस्त्र कोणा एकानें घडविलेलेंच नाहीं. सरकारी कोठारें जेथें कमी पडलीं तेथें अनोळखी घरांतील हातांनीं जें पुरविलें, त्याची ती खूण आहे. आणि हें त्या हातांना साधलें तें एका विशेष प्रकारच्या कापडामुळें. या दोन गोष्टींचा संबंध आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम त्या बंदराची ओळख करून घेऊं. काळ्या समुद्राच्या उत्तरेस क्रिमिया नांवाचें द्वीपकल्प आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर उंच कड्यांच्या आड दडलेलें, अरुंद तोंडाचें बॅलाक्लाव्हा हें बंदर आहे. तुर्की भाषेंत या नांवाचा अर्थ माशांचें घरटें असा लावतात, आणि तें बंदर पाहिलें तर तो पटण्यासारखा आहे. १८५४ च्या सप्टेंबरांत इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क यांचीं सैन्यें क्रिमियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलीं. रशियाचें सेबास्टोपोल हें आरमारी ठाणें जिंकावयाचें होतें, आणि तें हिवाळ्यापूर्वींच पडेल अशी पुष्कळांची खात्री होती. या खात्रीपोटीं एक विचित्र गोष्ट घडली. उतरतांना इंग्रज शिपायांनीं आपल्या पाठीवरच्या सामानाच्या पिशव्या जहाजांवरच ठेवल्या. अंगावरचे कपडे, एक घोंगडी आणि दोनचार जुजबी वस्तु एवढ्यावर ते युद्धास निघाले. पुढें वेढा लांबला आणि इंग्रजांनीं बॅलाक्लाव्हा हें आपलें पुरवठ्याचें बंदर केलें.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजीं त्या गांवाजवळ जी लढाई झाली ती इंग्रजी शाळांतून शिकलेल्या सर्वांना माहीत आहे. चुकीच्या अर्थानें घेतलेल्या एका हुकुमावरून सुमारें ६७० स्वार तोफांच्या तोंडीं धांवले, आणि त्यांच्या शौर्याचे पोवाडे झाले. परंतु त्या दिवशीं झालेल्या दुसऱ्या एका तोट्याकडे कवींचें लक्ष गेलें नाहीं. बंदराच्या वरच्या टेंकड्यांवरून जाणारा, खडी घातलेला व्होरोंत्सोव्ह रस्ता इंग्रजांच्या हातून निसटला. आतां बंदरापासून वेढ्याच्या छावणीपर्यंतचे सहासात मैल चिखलाच्या एका गाडीवाटेनें चढावे लागणार होते. स्वारांचें मरण वीस मिनिटांचें होतें. या वाटेनें घेतलेले बळी सबंध हिवाळाभर पडत राहिले.

१४ नोव्हेंबर रोजीं काळ्या समुद्रावर भयंकर तुफान झालें. छावणींतील तंबू उडाले, दवाखान्यांतील आजारी माणसें उघड्यावर पडलीं, आणि बंदराबाहेर नांगर टाकून उभीं असलेलीं जहाजें खडकांवर आदळून फुटलीं. त्यांत ‘प्रिन्स’ नांवाचें नवें वाफेचें जहाज होतें. सुमारें ४०,००० शिपायांस पुरतील इतके हिवाळी कपडे त्या जहाजावर आलेले होते असें सांगतात. तें कांहीं मिनिटांत बुडालें. वरच्या माणसांपैकीं मोजकींच वांचलीं. ज्या दिवशीं थंडीनें खरा तडाखा दिला, त्याच दिवशीं थंडीचें औषध समुद्राच्या तळाशीं गेलें.

येथें थांबलों तर सर्व दोष वादळावर टाकून मोकळें होतां येईल, आणि त्या काळच्या कित्येक अधिकाऱ्यांनीं तसेंच केलें. परंतु इतिहास तेवढ्यावर समाधान मानीत नाहीं. ‘प्रिन्स’ बुडाल्यानंतरहि बॅलाक्लाव्हास कपडे, लांकडें आणि अन्न येऊन पडत होतें. पडत होतें असेंच म्हणावयास हवें. कारण तें पुढें जात नव्हतें. ओझ्याचे घोडे उपासमारीनें मेलेले, वाट गुडघाभर चिखलाची, आणि प्रत्येक गांठोड्यास निरनिराळ्या खात्यांच्या सह्या आवश्यक. शिपायांस कॉफी मिळत असे ती हिरव्या कच्च्या बियांची. भाजावयास जळण नाहीं, दळावयास जातें नाहीं. दप्तरांत नोंद अशी कीं शिपायास कॉफी दिली. आणि तंबूंत माणूस गारठून बसलेला. याच दिवसांत लॉर्ड कार्डिगन बंदरांत नांगरलेल्या आपल्या ‘ड्रायड’ नांवाच्या खासगी नौकेवर रात्र काढीत असत, आणि डिसेंबरांत ते इंग्लंडास परत जावयास निघाले. कार्डिगन या उबदार कोटाचें नांव उच्चारतांना हेंहि लक्षांत असूं द्यावें.

त्या युद्धांत सुमारें २१,००० इंग्रज शिपाई मेले, आणि त्यांपैकीं तीनचतुर्थांशांहून अधिक रोगानें मेले. पटकी, अतिसार, हिंवताप, थंडीनें काळीं पडलेलीं बोटें, अशा मरणांची ती यादी आहे. शत्रूच्या गोळीपेक्षां स्वतःच्या व्यवस्थेनें अधिक माणसें मारलीं, हा निष्कर्ष त्याच देशांतील लोकांनीं काढला. सर जॉन मॅक्नील आणि कर्नल टुलक या दोघांची चौकशी त्यासाठीं नेमली गेली, आणि १८५६ च्या आरंभीं त्यांचा अहवाल पार्लमेंटपुढें आला. त्यापूर्वींच, १८५५ च्या जानेवारीअखेर, याच प्रश्नावर ॲबर्डीन यांचें मंत्रिमंडळ कोसळलें होतें.

ही सगळी हकीगत लोकांना कळली कशी? तर ‘टाइम्स’ पत्राचे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल हे छावणींत राहून जें दिसेल तें लिहून पाठवीत होते. न्याहारीच्या मेजावर तीं पत्रें वाचली जात. पूर्वींच्या युद्धांत घरीं बसलेल्या माणसांस विजय किंवा पराजय एवढेंच कळे. आतां शिपायाच्या पायांत बूट नाहींत हेंहि कळूं लागलें. कळल्यावर स्वस्थ बसवेना. वर्गण्या निघाल्या, मदतीचे निधि उभे राहिले, आणि घरोघरच्या स्त्रियांनीं विणावयाच्या सुया हातीं घेतल्या. मफलर, हातमोजे, पायमोजे, मनगट्या आणि टोप्या यांचीं गांठोडीं बंदरांवर जाऊं लागलीं. विंडसरच्या राजवाड्यांत खुद्द राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या मुली विणकामास बसल्या होत्या.

या गांठोड्यांचें पुढें काय झालें? त्यांतील पुष्कळशीं पोंचलीं तेव्हां कडाक्याची थंडी ओसरत आली होती. बंदरापासून छावणीपर्यंतची वाट घरगुती गांठोड्यांनाहि सुटलेली नव्हती. ती अडचण अखेर दूर केली पेटो, ब्रॅसी आणि बेट्स या खासगी कंत्राटदारांनीं. १८५५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं बॅलाक्लाव्हाहून वर लोहमार्ग टाकावयास घेतला आणि थोड्याच आठवड्यांत तो टेंकडीवर नेला. स्त्रियांच्या सुयांना साथ हवी होती ती या लोखंडी रुळांची. माया कितीहि असली तरी ती पोंचविण्यास वाट लागते, हा त्या हिवाळ्याचा धडा.

आतां एक गैरसमज दूर केला पाहिजे. बॅलाक्लाव्हाच्या लढाईंतील स्वार हीच टोपी घालून लढले आणि म्हणून तिला हें नांव पडलें, असें पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतें. रिचर्ड रट हे इंग्लंडांतील लेस्टर येथील बिशप आणि विणकामाचे मोठे इतिहासकार. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या हातविणकामाच्या इतिहासांत त्यांनीं दाखवून दिलें आहे कीं, हें नांव युद्धाच्या काळच्या लिखाणांत आढळत नाहीं. तें छापलेलें दिसतें तें १८८० नंतर, म्हणजे सुमारें पंचवीस वर्षांनीं. शिवाय ती लढाई ऑक्टोबरांतली; स्त्रियांच्या सुया चालूं लागल्या त्या त्यानंतर. तेव्हां युद्धांत गेलेल्या टोप्या नाना तऱ्हांच्या असल्या पाहिजेत, आणि त्यांतील एका तऱ्हेस मागाहून हें नांव चिकटलें असलें पाहिजे. माझ्या मतें हें मागाहून पडलेलें नांवच अधिक अर्थपूर्ण आहे. पंचवीस वर्षांनंतर कोणा विणकरणीस, डोकें आणि मान झांकणाऱ्या लोंकरी टोपीस नांव देतांना, त्या थंडगार बंदराची आठवण झाली. लढाई शौर्यासाठीं लक्षांत राहिली होती. बंदराचें नांव मात्र लोकांच्या मनांत थंडीशीं जोडलें गेलें होतें.

येथपर्यंत हात कोणाचे तें पाहिलें. आतां कापडाकडे वळूं. एका प्रश्नाचा विचार करा. लंडनमधील किंवा एडिंबरोमधील एखादी बाई, हजारों मैलांवर असलेल्या, कधींहि न पाहिलेल्या शिपायासाठीं वस्त्र करावयास बसते. त्याची छाती किती रुंद, हात किती लांब, डोकें लहान कीं मोठें, तिला कांहीं ठाऊक नाहीं. शिंपी मापाशिवाय कात्री चालवीत नाहीं. मग हिनें काय करावें? मागावर विणलेल्या कापडाचा कोट तिनें शिवला असता तर दहांतून सातांना तो न बेततांच राहिला असता. परंतु सुयांवर विणलेली टोपी जवळजवळ कोणाच्याहि डोक्यावर बसते. याचें रहस्य विणींत आहे.

मागावरच्या कापडांत उभा ताणा आणि आडवा बाणा असे सरळ धागे एकमेकांना छेदून जातात. तें कापड उभें ओढा कीं आडवें ओढा, सरळ धागा आणखी सरळ होऊं शकत नाहीं. म्हणून तें ताणत नाहीं. सुयांवरच्या विणींत धागा सरळ जातच नाहीं. तो फांसा घेतो, त्या फांशांतून दुसरा फांसा निघतो, त्यांतून तिसरा. सगळें कापड म्हणजे वळणावळणाची एक नागमोडी वाट. ओढलें कीं वळणें उलगडतात आणि कापड लांबतें. सोडलें कीं धागा पुन्हां आपल्या वळणावर येतो. एक सुलट, एक उलट अशी वीण घातली म्हणजे कापडास दुमडी पडते आणि ताण आणखी वाढतो. मोज्याचा वरचा कांठ आणि स्वेटरचें मनगट याच विणीचें असतें. अशा कापडांत माप आधीं घ्यावें लागत नाहीं. घालणाराचें अंगच तें माप घेतें.

ही वीण फार जुनी असली तरी यंत्रावर ती आणण्याचें श्रेय इंग्लंडांतील कॅल्व्हर्टन गांवच्या विल्यम ली यास देतात. १५८९ सालीं त्यानें मोजे विणणारें यंत्र तयार केलें. तें पाहून एलिझाबेथ राणीनें त्यास सनद नाकारली. हातानें मोजे विणून पोट भरणाऱ्या गरीब प्रजेचें काय होईल, अशी चिंता तिनें व्यक्त केली असें सांगतात. ली फ्रान्सांत गेला आणि तेथेंच मरण पावला. त्याचें यंत्र मात्र मागें राहिलें. पुढें १७५९ च्या सुमारास जेडेडाया स्ट्रट यानें त्याच यंत्रावर सुलट-उलट वीण काढण्याची जोड बसविली. या धंद्यास आपणहि होजिअरी म्हणतों, आणि त्या शब्दाच्या मुळाशीं मोज्याचाच अर्थ आहे.

आपल्या मराठी घरांतहि या विणीच्या खुणा आहेत. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील समुद्रांत गर्न्सी आणि जर्सी नांवाचीं दोन बेटें आहेत. तेथील कोळी जाड लोंकरीचे विणलेले अंगरखे घालून समुद्रावर जात. त्यांपैकीं जर्सीचें नांव कापडास आणि खेळाडूंच्या अंगरख्यास मिळालें. आणि गर्न्सी शब्द आपल्याकडे येतां येतां त्याची गंजी झाली. आपल्या आजोबांच्या तोंडचें गंजीफ्रॉक तें हेंच. उलट, डोकें झांकण्याच्या आपल्या स्वतःच्या दोन जुन्या तऱ्हा पाहा. तान्ह्या बाळाची कुंची आणि पावसांत शेतकरी डोक्यावरून घेतो ती घोंगडीची खोळ. दोन्ही मागावरच्या कापडाच्या. कापड ताणत नाहीं म्हणून कुंचीस बंद लावावे लागतात, आणि खोळ हातानें सांवरावी लागते. एका बाळाची कुंची दुसऱ्यास चालते ती बंद आवळून किंवा सैल सोडून. जें काम तेथें बंद करतात, तेंच काम विणलेल्या टोपींत फांसे करतात.

हें लक्षांत घेतलें म्हणजे पुढच्या युद्धांत ही टोपी सर्वत्र कां पसरली तें उमगतें. १९१४ च्या युद्धांत इंग्लंडांत आणि मागाहून अमेरिकेंत छापील नमुन्यांवरून लक्षावधि स्त्रियांनीं, शाळेंतील मुलांनींहि, मोजे, मफलर आणि या टोप्या विणल्या. त्याच वर्षीं हिंदी पलटणी फ्रान्सांत उतरल्या. सप्टेंबरअखेर मार्सेय बंदर, ऑक्टोबरांत बेल्जमच्या सरहद्दीवरील खंदक, आणि अंगावर सुती खाकी. पंजाबच्या, गढवालच्या, नेपाळच्या त्या जवानांना थंडी नवी नव्हती. पण पाण्यानें भरलेल्या खंदकांत उभें राहून काढावयाची थंडी निराळी. त्यांच्यासाठीं लंडनमध्यें इंडियन सोल्जर्स फंड नांवाची संस्था स्थापन झाली आणि तिनें लोंकरी कपडे व टोप्या पाठविल्या. साठ वर्षांपूर्वीं क्रिमियांत जें घडलें, त्याचीच ही आवृत्ति होती: आधीं सैन्य गेलें आणि ऊब त्याच्या मागाहून गेली.

स्वतंत्र हिंदुस्थानासहि हा अनुभव चुकला नाहीं. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीननें हिमालयांत चढाई केली तेव्हां ईशान्य सीमेवरील आपल्या कित्येक तुकड्या दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर सुती गणवेशांत उभ्या होत्या. पुरेशीं हिवाळी वस्त्रें नाहींत आणि पोंचवावयास रस्ता नाहीं, हें जुनेंच दुखणें. महिनाभरांत युद्ध थांबलें. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि हिमालयाच्या हांकेस सह्याद्रि धांवला असें महाराष्ट्र अभिमानानें म्हणूं लागला. त्या हिवाळ्यांत देशभर शहरांतल्या स्त्रिया जवानांसाठीं स्वेटर आणि टोप्या विणीत होत्या. त्यांनाहि त्या जवानांचें माप ठाऊक नव्हतें.

आतां, हा इतिहास ऐकून कोणास अशी टोपी घरीं करावीशी वाटली, तर सुयांवर विणण्याइतका वेळ हवाच असें नाहीं. १९५८ सालीं अमेरिकेंत ड्युपाँट कंपनींत जोसेफ शिव्हर्स यांनीं स्पँडेक्स नांवाचा रबरासारखा ताणणारा धागा काढला, आणि १९७९ पासून फ्लीस हें हलकें, उबदार, विणलेलें कापड बाजारांत आलें. होजिअरीचें कोणतेंहि ताणणारें कापड घ्यावें. जुना स्वेटर किंवा जाड जर्सी असली तर फारच उत्तम. प्रथम परीक्षा करावी. कापडाचा चार इंचांचा तुकडा चिमटींत धरून ओढावा. तो सहज पांच इंच व्हावा आणि सोडल्यावर पुन्हां चारच राहावा. परत येत नसेल तर तें कापड टोपीस निरुपयोगी.

ज्या दिशेनें कापड अधिक ताणतें ती दिशा डोक्याभोंवतीं आडवी आली पाहिजे, हा या शिवणाचा मुख्य नियम. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर सुमारें बावीस इंच धरा. टोपी त्यापेक्षां एकदशांशानें लहान, म्हणजे वीस इंचांची बेतावी. उरलेलें काम ताण करील. डोक्याचा डावा भाग आणि उजवा भाग अशा दोन सारख्या बाजू कापावयाच्या. प्रत्येकीची रुंदी दहा इंच, आणि दोन्ही शिवणींसाठीं पाव-पाव इंच अधिक. उंची टाळूपासून गळ्याच्या हाडापर्यंत पंधरासोळा इंच. वरचा भाग डोक्याप्रमाणें गोल, मानेशीं किंचित् आंत, आणि खालीं खांद्यावर पसरण्याइतका रुंद. दोन्ही बाजू सुलटीवर सुलट ठेवून कपाळापासून टाळूवरून मानेच्या मागच्या टोंकापर्यंत एक शिवण घालावी, आणि हनुवटीखालून गळ्यापर्यंत दुसरी. चेहऱ्याची उघाड प्रथम लहानच कापावी, कारण ताणानें ती मोठी होते. घालून पाहून मग वाढवितां येते, पण मोठी झालेली लहान करतां येत नाहीं. उघाडीच्या कडेस त्याच कापडाची पट्टी लावावी, आणि ती कडेपेक्षां थोडी आंखूड घेऊन ताणून शिवावी. म्हणजे कांठ चेहऱ्यास लगटून बसतो. लहान मुलांच्या टोपींत मात्र नाक आणि तोंड मोकळेंच ठेवावें.

शिवतांना दोन गोष्टी सांभाळाव्या. सुईचें टोंक गोलसर असावें. तीक्ष्ण टोंक फांसा तोडतें, आणि एक फांसा तुटला कीं शिडीसारखे पुढचे सुटत जातात. दुसरें, सरळ टीप मारूं नये; नागमोडी टीप मारावी. कापड ताणेल तेव्हां सरळ टिपेचा दोरा तटकन् तुटेल. नागमोडी दोरा कापडाबरोबर उलगडेल. हातानें शिवणाऱ्यांनीं उलटी टीप घालावी आणि दोरा सैल ठेवावा. म्हणजे जो धर्म कापडाचा, तोच शिवणीचाहि. वळण राखलें तर ताण सोसतो.

या टोपीचे पुढें पुष्कळ उपयोग झाले. ध्रुवप्रदेशांतील प्रवाशांनीं आणि गिर्यारोहकांनीं ती घातली. चेहरा लपवूं पाहणाऱ्या दरोडेखोरांनींहि घातली. परंतु तिच्या नांवांत जी आठवण आहे ती या सर्वांहून जुनी आहे. सेनापतींचीं नांवें त्यांच्या हयातींतल्या थोरवीमुळें कोटास आणि बाहीस मिळालीं. ज्या हजारों स्त्रियांनीं न पाहिलेल्या डोक्यांसाठीं टोप्या विणल्या त्यांचें नांव कोठेंच नोंदलेलें नाहीं, आणि ज्यांच्यापर्यंत त्या वेळेवर पोंचल्या नाहींत त्यांचेंहि नाहीं. त्या दोघांच्या मध्यें जें चिखलाचें बंदर होतें, तेवढेंच नांव उरलें.

म्हणून कोणत्याहि संकटाच्या वेळीं घरोघरून गांठोडीं निघूं लागलीं म्हणजे देणाऱ्या हातांचें कौतुक जरूर करावें. पण त्याच वेळीं दोन प्रश्नहि विचारावे. हें गांठोडें कोठपर्यंत जाणार आहे, आणि ज्याचें हें काम होतें त्यानें तें आधीं कां केलें नाहीं? १८५५ च्या हिवाळ्यांत इंग्लंडांतील लोकांनीं विणतां विणतां हे प्रश्न विचारले, आणि एक मंत्रिमंडळ बदललें. तितकें आपल्याकडून झालें तर विणण्याचे श्रम दुप्पट सार्थकीं लागतील.